वाळवंट किती ब्रास?

जैसलमेरपासून चाळीस-बेचाळीस किलोमीटरवर समच्या रेतीच्या टेकड्या आहेत. आमची ट्रॅव्हल्स तिथे पोहोचली तेव्हा गावातल्या एका भाऊंनी खिडकीतून मान बाहेर काढून पहिला प्रश्न विचारला, "गुरुजी, हे किती ब्रास भरन?" सगळी गाडी हसली. आमचे गाव वरोरा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठावर आहे. तिथे रेती म्हटले की घाटाचा लिलाव, रात्री धावणारे टिप्पर आणि रेतीवाचून अडलेले घरकुल आठवते, त्यामुळे शंभर घनफुटांचा ब्रास हेच तिचे माप सगळ्यांच्या डोक्यात पक्के बसलेले असते. (मीही मनातल्या मनात हिशेब सुरू केला होता, हे कबूल करतो.) मग मी गाडीत सांगितले की ही रेती बांधकामाला चालत नाही, कारण वाऱ्याने घासून घासून तिचे कण गोल आणि फार बारीक झालेले असतात, आणि नदीच्या कोनदार रेतीसारखे ते सिमेंट धरत नाहीत. हे ऐकल्यावर निम्म्या गाडीचा त्या टेकड्यांमधला रस संपला. "मंग काय कामाची?" असा दुसरा प्रश्न मागच्या सीटवरून आला, आणि हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

सोयाबीन विकून झाले, कापसाची एखाददुसरी वेचणी झाली की जानेवारीत आमच्या भागातून राजस्थानच्या सहली निघतात. नाथद्वारा, पुष्कर, रामदेवरा असे देवधर्माचे मुक्काम घेत घेत गाडी जैसलमेरला पोहोचते आणि तिथे एका रात्रीपुरते 'वाळवंट' पाहिले जाते. त्यात गैर काही नाही. आयुष्यभर काळ्या मातीत पाय रुतवलेल्या माणसाला एकदा रेतीत पाय रुतवावेसे वाटले तर त्याला नाव कोणी ठेवावे? माझी तक्रार वेगळी आहे. वाळवंट आपल्याला एक मोठी मोकळी जागा म्हणून विकले जाते आणि आपणही ते तसेच विकत घेतो. जिथे काही पिकत नाही, कोणाचे काही नाही आणि म्हणून काहीही केले तरी चालते, अशी जागा. ही नजर थारचे नुकसान करतेच, पण परतीच्या गाडीत आपल्यासोबत गावात येते आणि तिथे त्याहून अधिक महागात पडते, असे माझे म्हणणे आहे.

समची संध्याकाळ कशी असते ते आधी सांगतो. तंबूंच्या कॅम्पवर चहा-भजी, मग सूर्यास्तापर्यंत उंटावरची चक्कर, ज्यांना हौस आहे त्यांना उघड्या जीपमधून टेकडीच्या माथ्यावरून खाली झेप, रात्री नाच-गाणे, जेवण आणि शेवटी डीजे. कालबेलिया या तिथल्या गारुडी जमातीच्या नृत्य-गाण्याला युनेस्कोने २०१० मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, पण आमच्या कॅम्पवर त्या नाचाला वीस मिनिटे मिळाली आणि डीजेला दोन तास. मांगणियार गायक पिढ्यान्‌पिढ्या आपल्या यजमानांच्या घरी जन्म, लग्न आणि मरणाला गातात. स्वतः मुसलमान असून ते हिंदू यजमानांच्या देवाची भजने गातात आणि त्यांचे कमायचा हे वाद्य दुसरीकडे सहसा ऐकायला मिळत नाही. आमच्यासमोर बसलेल्या म्हाताऱ्या गायकाने एक गाणे अर्धे म्हटले, तेवढ्यात प्रेक्षकांतून फर्माईश आली, आणि त्याने निमूटपणे ऐकणाऱ्यांना हवे असलेले सिनेमातले गाणे सुरू केले. त्याला दोष देता येत नाही, कारण पैसे आम्ही दिले होते.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी उठून मी कॅम्पपासून लांब, जिथे गाडीचे चाक गेलेले दिसत नव्हते अशा एका टेकडीकडे चालत गेलो. वाऱ्याकडची बाजू उताराने हलकी आणि पायाला बऱ्यापैकी घट्ट लागते, आडोशाची बाजू मात्र एकदम उतरती असते. कोरडी रेती चौतीस अंशांच्या आसपास आपोआप घसरू लागते, म्हणून त्या बाजूचा उतार जिकडे-तिकडे सारखाच दिसतो. माथ्यावरून रेतीचा एक पातळ पदर सतत पलीकडे पडत होता, तव्यावरून वाफ निघावी तसा. बारीक लाटांवरून एका भुंग्याच्या पायांची दुहेरी शिवण गेली होती आणि ती एका झुडपाच्या मुळाशी संपत होती. रुईसारखे दुसरे एक झुडूप जवळच होते, ती रुईच निघाली, तिकडे तिला आकडा म्हणतात. मी हाताने रेती उकरली. वरची चार बोटे कोरडी, पिठासारखी, आणि कोपरापर्यंत हात गेला तेव्हा बोटांना गारवा लागला. रेती ओलसर होती. पाऊस जाऊन तीन-चार महिने झाले होते. आमच्या काळ्या मातीत तोवर हात जाईल अशा भेगा पडलेल्या असतात आणि त्या भेगांतून ओल उडून जाते, तर इथे वरच्या कोरड्या थरानेच खालच्या ओलीवर झाकण घातले होते.

मग परत येताना जीपच्या रस्त्याने आलो. चाकाखाली झुडपे मोडली होती, मुळे उघडी पडली होती, आणि पाण्याच्या बाटल्यांची तोंडे रेतीतून वर आली होती. हे फक्त दिसायला वाईट आहे एवढ्यावर मी थांबणार नाही. टेकडी जिथे आहे तिथे राहते ती गवताच्या आणि झुडपांच्या मुळांमुळे. सेवण नावाचे गवत, फोग, खींप ही झाडे रेती धरून ठेवतात. सेवण हा तिथल्या थारपारकर गाईंचा आणि मेंढ्यांचा चाराही आहे. सरकते रेतीचे डोंगर शेतावर, रस्त्यावर आणि रेल्वेरुळावर येऊ नयेत म्हणून जोधपूरला १९५२ मध्ये वनीकरणाचे केंद्र सुरू झाले आणि त्यातूनच १९५९ मध्ये आजची केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था, म्हणजे काझरी, उभी राहिली. गेली सत्तर वर्षे एका बाजूने सरकार टेकड्या बांधून ठेवण्यासाठी झाडे-गवत लावते आहे आणि दुसऱ्या बाजूने आपण अर्ध्या तासाच्या मजेसाठी तीच मुळे मोडतो आहोत. या दोन्हींचा खर्च शेवटी एकाच जनतेच्या खिशातून जातो.

शिवाय रेतीच्या टेकड्या म्हणजे वाळवंट, हा समजच चुकीचा आहे. सम ज्याच्या कडेला आहे ते मरू राष्ट्रीय उद्यान १९८० मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र ३,१६२ चौरस किलोमीटर आहे आणि त्यातला निम्म्याहून कमी हिस्सा रेतीच्या टेकड्यांचा आहे. बाकी खडकाळ माळ, गवताळ सपाटी, खारट भुई. आमच्या गाडीतल्या कोणाला हा भाग बघण्याजोगा वाटला नाही, आणि खरी गोष्ट अशी की तो आमच्याच तालुक्यातल्या माळासारखा दिसत होता. या माळावर माळढोक राहतो. रानात दीडशेच्या आतच उरला असावा असा हा पक्षी राजस्थानचा राज्यपक्षी आहे, आणि आमच्या वरोरा-भद्रावतीच्या शेता-माळांतूनही तो दिसत आला आहे, अलीकडे अगदी बोटांवर मोजता येईल इतकाच. गावातल्या किती लोकांना हे माहीत आहे? वाघासाठी ताडोब्याला तीन-तीन महिने आधी बुकिंग करणारे आमचे लोक या पक्ष्याला ओळखतही नाहीत, कारण तो जंगलात राहत नाही, 'पडीक'मध्ये राहतो. अंडे तो उघड्या जमिनीवर घालतो, बहुधा एकच. वजनाने जड असतो आणि समोरचे त्याला नीट दिसत नाही, त्यामुळे उडताना विजेच्या तारा ऐन वेळी चुकवता येत नाहीत. या तारांवरून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या प्रकरणात २०२१ साली त्या जमिनीखालून नेण्याचा आदेश झाला, आणि २०२४ मध्ये तो आदेश बदलून सौरऊर्जेची गरज व पक्ष्याचे संरक्षण यांचा मेळ घालायला तज्ज्ञांची समिती नेमली गेली. आमच्या भागात कोळशाच्या खाणी आणि तारा दोन्ही आहेत.

आता यावर जो आक्षेप येतो तो हलका नाही. जैसलमेर जिल्हा ३८,४०१ चौरस किलोमीटरचा, म्हणजे आमच्या चंद्रपूर जिल्ह्याच्या तिपटीहून मोठा आहे, आणि २०११ च्या जनगणनेत तिथे पावणेसात लाखांच्या आत माणसे होती. चौरस किलोमीटरला सतरा. पाऊस वर्षाला दीडशे ते दोनशे मिलिमीटर, तोही येईल याची खात्री नाही. अशा ठिकाणी नोव्हेंबर ते फेब्रुवारी चार पैसे आणणारा पर्यटक हा दुष्काळातला आधार आहे, त्याला शिस्तीचे धडे देऊन परतवून लावणे म्हणजे भरल्या पोटी उपाशी माणसाला उपदेश करणे होईल, असे तिथल्या कॅम्पवर काम करणाऱ्या एका पोराने मला जवळपास याच शब्दांत ऐकवले. त्याचे बरोबर आहे. उंटाचेच पाहा. २०१२ च्या पशुगणनेत देशात चार लाख उंट होते, ते २०१९ मध्ये अडीच लाख राहिले. राजस्थानने २०१४ मध्ये उंटाला राज्यपशू केले आणि २०१५ मध्ये कत्तलीवर बंदी व राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध घालणारा कायदा केला, पण ज्याची विक्री अडली, ज्याचे काम ट्रॅक्टरने घेतले आणि ज्याच्या चरण्याची जागा घटत गेली, तो उंट पाळणार कोण? अशा वेळी समला फेरी मारणारा उंट निदान आपला चारा तरी कमावतो. म्हणून पर्यटन बंद करा असे मी म्हणत नाही आणि म्हणणार नाही. पण जीप आणि डीजे यांचा पैसा बहुतांशी उंटवाल्याकडे किंवा गायकाकडे जात नाही. पर्यटकाने जीपऐवजी उंट, डीजेऐवजी कमायचा मागितला तर तोच पैसा गरजवंताच्या हाती पडतो, आणि मुळेही वाचतात. त्या पोराला मी हे म्हटले तेव्हा तो हसून म्हणाला की जीप तर तुमच्याच गाडीतल्या लोकांनी आधी मागितली.

जैसलमेरच्या किल्ल्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याची गोष्ट याच जातीची आहे. ११५६ मध्ये वसलेला, २०१३ पासून जागतिक वारसा यादीत असलेला हा किल्ला आजही नांदता आहे, त्यात घरे आहेत, आणि आता हॉटेले. पिवळ्या दगडाचा हा किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे तिच्यात चिकणमातीचे थर आहेत, आणि तो बांधला गेला तेव्हा तिथले लोक घागरीने पाणी वर आणत होते. नळ आले, हॉटेलांत न्हाणीघरे झाली, गटारे मुरली, आणि पाण्याने पायातली माती भिजून बुरूज ढासळले. शत्रूच्या तोफांना जे साधले नाही ते आपल्या शॉवरने केले. मी मुक्कामाला किल्ल्याखालची धर्मशाळा धरली होती, यात माझे शहाणपण काही नव्हते, ती स्वस्त होती.

मला जे खरे बघायचे होते ते आमच्या सहलीच्या पत्रकात नव्हते. जैसलमेरच्या पश्चिमेला अठरा-एक किलोमीटरवर कुलधरा नावाचे उजाड गाव आहे. पालीवाल ब्राह्मणांचे हे गाव एकोणिसाव्या शतकात ओस पडले. ते एका रात्रीत उठले आणि शाप देऊन गेले, अशी कथा गाइड रंगवून सांगतो. आमच्या गाइडने भुतांवर अर्धा तास खर्च केला. पण हे लोक दीडशे-दोनशे मिलिमीटर पावसात गहू कसा पिकवत होते, हा भुतांहून अधिक चक्रावून टाकणारा प्रश्न त्याला कोणी विचारला नाही. उत्तर जवळच होते. मी आणि गावातले दोघे जण गाडीतून उतरून एका टमटमने 'खडीन' बघायला गेलो.

खडीन म्हणजे काय हे धानाच्या भागातल्या माणसाला समजायला सोपे जाते. खडकाळ उंचवट्यावर पडलेला पाऊस वाहत खाली येतो आणि जिथे सखल सपाट जमीन लागते तिथे आडवा मातीचा लांब बांध घातलेला असतो. पाणी बांधाला अडून त्या शेतावर साचते, मुरते, जास्तीचे सांडीवरून पुढे जाते, आणि पावसाळा संपून पाणी उतरले की त्याच ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा पेरतात. वरून पाणी द्यायचे नाही. वाहत आलेला गाळ दर वर्षी शेतातच बसतो, त्यामुळे जमीन कसदार राहते. आम्ही गेलो त्या दिवशी आजूबाजूला मैलोन्‌मैल पिवळे-तपकिरी रान होते आणि मध्ये तो एक हिरवा तुकडा, गुडघ्याएवढा गहू. राखणीला बसलेल्या म्हाताऱ्या बाबांनी आमचे कुतूहल पाहून खुरप्याने दोन गव्हाच्या ओळींमधली माती वीतभर उकरली, मूठभर माती माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी मूठ स्वतःच्या हाताने दाबली. मूठ उघडली तर मातीचा लाडू झाला होता. तळहातावर ओल राहिली. मग त्यांनी हिंदीत विचारले की तुमच्याकडे पाऊस किती? मी सांगितले, हजार-अकराशे मिलिमीटर. त्यांना वाटले माझी जीभ चुकली. त्यांनी पुन्हा विचारले, मी पुन्हा तेच सांगितले. ते जरा वेळ गप्प राहिले, आणि मग आमच्यातल्या एकाने सहज बोलताना उन्हाळ्यात गावात टँकर येतो हे सांगितले. "टँकर?" एवढेच ते म्हणाले. पुढचे काही बोलले नाहीत, आणि आम्हालाही सुचले नाही.

तिकडची जुनी माणसे पाण्याचे तीन प्रकार करतात. पावसाचे, वर दिसणारे ते पालर पाणी, खोल विहिरीतले ते पाताळ पाणी, आणि या दोन्हींमध्ये रेतीत मुरून अडलेली ओल ते रेजाणी पाणी. काही भागांत जमिनीखाली थोड्या खोलीवर जिप्समचा किंवा खडूसारखा पट्टा असतो. तो पाणी खाली जाऊ देत नाही, आणि खालचे खारे पाणी वर येऊ देत नाही. त्याच्या वरच्या रेतीतली ओल गोळा करायला माणूस जेमतेम मावेल इतक्या अरुंद कुई किंवा बेरी खणतात. थेंब थेंब झिरपून दिवसाला थोड्या घागरी पाणी मिळते, पण ते गोडे असते. हे वाचताना आमच्याकडच्या कोणालाही झिरा आठवेल. उन्हाळ्यात नदी आटली की रेतीत खड्डा करून पाणी झिरपू द्यायचे आणि वाटीने घागर भरायची, हे माझ्या लहानपणी आमच्या गावच्या बायांचे रोजचे काम होते. फरक एवढाच की नदीतून आम्ही रेतीच उचलून नेली. घाटांतून ती उपसून नेल्यावर कित्येक ठिकाणी खालचा खडक उघडा पडला, आता त्यात झिरा कशात करणार? ज्या रेतीला आपण ब्रासमध्ये मोजले ती पाणी साठवायची टाकी होती, हे तिथल्या लोकांना ठाऊक आहे, आपल्याला नाही. समच्या त्या प्रश्नाला, "मंग काय कामाची?", हे माझे उत्तर आहे, त्या दिवशी गाडीत मला ते सुचले नव्हते.

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे, कारण अभ्यास दौऱ्यावरून आलेला माणूस बहुधा पाहिलेली वस्तू जशीच्या तशी गावात उभी करायला निघतो. चंद्रपुरात खडीन बांधा असे मी म्हणत नाही. आमची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चिबडते, आमचा पाऊसही वेगळा, आणि त्यासाठी पाहायला आम्हाला दीड हजार किलोमीटर जायचीही गरज नाही. पूर्व विदर्भात, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत, साडेसहा हजारांवर माजी मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या जमीनदारीच्या काळातले तलाव, आहेत. लोक त्यांना प्रेमाने मामा तलाव म्हणतात. कोहळी समाजाच्या लोकांनी गोंड राजांच्या काळापासून ते बांधले, उतारावरचे पाणी पायरी-पायरीने एका तलावातून दुसऱ्यात, बोडीत (लहान तळ्यात) आणि बांधीत (धानाच्या बांध घातलेल्या शेतात) उतरवले. पालीवालांनी रेतीत जे केले तेच कोहळ्यांनी जंगलात केले, फक्त त्यांची कथा सांगायला गाइड नाही आणि भुतेही नाहीत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, ते योग्यच झाले, कारण मालगुजाराचा जाच खरा होता. पण तलाव सरकारकडे गेले तेव्हा पाण्याची पाळी लावणारा पाणकर, गाळ काढण्याचे गावकी काम आणि पाण्याच्या येण्याच्या वाटेवर कोणी अतिक्रमण करायचे नाही हा धाक, हे तिन्ही हळूहळू सुटले. आज कित्येक तलाव गाळाने भरले आहेत, आणि १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाची कामे पूर्ण होण्याची वाट आपण तिसऱ्या पिढीत बघत आहोत. वाळवंटातून आणण्यासारखी गोष्ट बांध नाही, त्या बांधामागची शिस्त आहे. टाक्याचे, म्हणजे पावसाचे पाणी साठवायच्या तिथल्या हौदाचे, पाणलोट आंगण, ज्याला ते आगोर म्हणतात, पावसाळ्याआधी झाडून काढायचे आणि त्यात जोडे घालून पाय टाकायचा नाही. आमच्या तलावाच्या पाणलोटात लोक डबा घेऊन जातात, हे सभ्य लेखात लिहिणे बरे दिसत नाही, पण खरे आहे.

मी 'मोकळी जागा' या नजरेबद्दल बोलत होतो. सरकारी भाषेत तिला पडीक जमीन म्हणतात. केंद्र सरकार उपग्रहाच्या आधारे देशाच्या पडीक जमिनींचे नकाशे काढते आणि त्यात वाळवंटातली रेती आहे, तशी झुडपी रानेही आहेत. एकदा नकाशावर पडीक म्हटले की जमिनीला मालक नसतो, वापरणारे नसतात, आणि ती कोणत्याही प्रकल्पाला देता येते. थारमध्ये हे मोठ्या प्रमाणावर घडते आहे. जोधपूरच्या उत्तरेकडे भडला येथे २,२४५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा आहे, तसे आणखी होत आहेत. ज्याच्या जिल्ह्यात २,९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र धूर ओकते आणि ज्याच्या घराच्या भिंतीवर रोज कोळशाची पूड बसते, त्याने सौरऊर्जेच्या विरोधात बोलणे मला शोभणार नाही. पण तिथल्या गावांची 'ओरण', म्हणजे देवाच्या नावाने राखलेली चराईची आणि झाडांची राने, महसुली कागदावर पडीक म्हणून नोंदली जातात आणि प्रकल्पात जाण्याच्या भीतीखाली राहतात, यावर बोलायला हवे. ओरणात झाड तोडायचे नाही, पण गुरे चारायला हरकत नाही, असा तिथला रिवाज. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला अशा देवरानांची पाहणी करून त्यांना वनाचा दर्जा देण्यास सांगितले. ज्या खेजडीच्या झाडासाठी १७३० मध्ये खेजडली गावात ३६३ बिश्नोई माणसांनी जीव दिला, ती खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला तिची पूजा करून आपण आपट्याची पाने वाटतो, आणि उरलेले वर्षभर तिला कुंपणाच्या काटक्यांसाठी तोडतो.

आमच्या गावचे ओरण म्हणजे ई-क्लासची जमीन. गुरांच्या चराईसाठी राखून ठेवलेली, महसुलाच्या लेखी उत्पन्न नसलेली, आणि म्हणून प्रत्येक ग्रामसभेत कोणाच्या ना कोणाच्या डोळ्यांवर येणारी. घनकचऱ्याचा खड्डा, मुरमाचे खोदकाम, अतिक्रमणाचे नियमितीकरण, आता सोलरचे प्रस्ताव. त्या माळावर माळढोक येत असे, ससे आहेत, टिटव्या आहेत, आणि उन्हाळ्यात उंट घेऊन येणारे रबारीही तिथेच उतरतात. कच्छकडचे हे लोक विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या येत आले आहेत. त्यांचा उंट शेतातल्या धसकटावर बसतो आणि त्याच्या लेंड्यांचे खत शेतकऱ्याला मिळते. २०२२ च्या जानेवारीत अमरावती जिल्ह्यात अशाच पशुपालकांचे ५८ उंट कत्तलीसाठी नेले जात असल्याच्या संशयावरून पोलिसांनी ताब्यात घेतले. पुढे फेब्रुवारीत ते परत करण्याचा आदेश न्यायालयाने दिला. मला तो प्रसंग समला आठवला. तिथे पैसे मोजून उंटावर बसून फोटो काढणारे आम्ही, आमच्याच शिवारात उंट दिसला की आधी पोलिसांना फोन करतो. वाळवंट आपल्या दारी येते तेव्हा आपण ओळखत नाही, आणि ते पाहायला दीड हजार किलोमीटर जातो.

काय करता येईल याबद्दल माझ्या मागण्या लहान आहेत. राजस्थान सरकारने जीपची वाट ठरवून द्यावी आणि तिच्याबाहेर टेकडीवर चाक जाऊ नये, एवढे पाळले गेले तरी बरीच झाडे उभी राहतील. आमच्या ग्रामपंचायती अभ्यास दौऱ्याला हिवरे बाजार, राळेगण सिद्धी, पाटोदा येथे जातात, ते चांगलेच आहे, पण एखादा दौरा भंडारा-गोंदियाच्या मामा तलावांवर आणि त्यातल्या दोघा-तिघांना खडीनवर न्यावा. तालुक्यातल्या शाळांनी ताडोब्याची सहल काढतात तशी माळरानाची एक सकाळ ठेवावी. आणि ई-क्लासच्या प्रत्येक ठरावावर ग्रामसभेत आधी एक प्रश्न विचारला जावा की आज ही जागा कोण कोण वापरते, त्यांची यादी लिहा. अशी यादी कधी लिहिलेली मी पाहिली नाही. गुराखी, रबारी, जळणाला जाणाऱ्या बाया, पाणलोट म्हणून खालचा नाला, आणि पक्षी. निदान चार ओळी होतील.

आमची पुढची सहल जानेवारीत ठरते आहे. ट्रॅव्हल्सवाल्या भाऊंना मी फोन करून समचा एक तास कमी करा आणि खडीनला न्या, असे सांगितले. ते म्हणाले, "गुरुजी, लोकं रेती पाहाले येतेत, शेत पाहाले थोडीच येतेत." मग जरा थांबून त्यांनी विचारले की गाडी तिथपर्यंत जाते का, आणि जेवणाची सोय होईल का. मी म्हटले, ट्रॅव्हल्स जात नाही, टमटम करावी लागते, जेवण डब्यातून न्यावे लागेल. त्यांनी माणशी किती वाढवायचे तेवढे कळवा म्हटले आहे.